ॲप्टला प्रॉक्सीतून सूट द्यायची, पण लिहायची कुठे?

कॉलेजच्या लॅबमध्ये डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स चालवणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच; ॲप्ट म्हणजे त्यांतला पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्राम. बाहेर जायचं तर संस्थेच्या प्रॉक्सीतून जावं लागतं. आणि आत, त्याच बिल्डिंगमध्ये, आपण पॅकेजांचा स्वतःचा मिरर, म्हणजे पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर, लावलेला असतो, कारण दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली की सगळी मशीन एकदम अपडेट मागतात आणि लाइन तेवढी पुरत नाही. मग मागणं एवढंच उरतं: बाहेरचं सगळं प्रॉक्सीतून जावं, आतल्या मिररशी मात्र थेट बोलावं.

ही सूट लिहायच्या मुख्य जागा दोन. एक म्हणजे एन्व्हायर्नमेंटमधला (प्रोग्रामना सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमधला) नो_प्रॉक्सी, म्हणजे कुठे प्रॉक्सीशिवाय थेट जायचं त्याची यादी; दुसरी ॲप्टची स्वतःची कॉन्फिगरेशन फाइल. शोधायला गेलं तर दोन्हींचे सल्ले सारख्याच खात्रीने दिलेले सापडतात, आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. परभणीचे एक सर आणि उदगीरच्या एक मॅडम, दोघांनीही अलीकडे मला हेच विचारलं. मी लातूरच्या एका कॉलेजची लॅब सांभाळतो आणि दोन्ही पद्धतींनी ती चालवून पाहिली आहे. माझा कल एका बाजूला आहे. पण ज्यांची गरज माझ्यापेक्षा वेगळी आहे त्यांना दुसरी बाजूही नीट कळावी असं मला मनापासून वाटतं.

प्रॉक्सी म्हणजे काय, रिपॉझिटरीची यादी कुठे असते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. फाइलीतलं सगळं अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो.

आधी एन्व्हायर्नमेंटच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू खरोखर भक्कम आहे. नो_प्रॉक्सीची एक ओळ लिहिली की कर्ल, वीगेट, पिप, गिट अशा नेटवरून काही आणणाऱ्या सगळ्या साधनांना ती लागू होते. आमच्याकडे पोरं पायथन शिकतात, प्रॅक्टिकलच्या वेळी पिप सारखं चालू असतं. ॲप्टच्या फाइलीत लिहिलेलं पिपला दिसतसुद्धा नाही. ज्यांच्या लॅबमध्ये ॲप्टपेक्षा बाकीचीच साधनं जास्त चालतात, त्यांना ही ओळ लिहावीच लागेल.

दुसरं असं की नो_प्रॉक्सी ॲप्टही वाचतो. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. एवढंच नाही, प्रॉक्सी ॲप्टच्या फाइलीत लिहिलेला असला तरी नो_प्रॉक्सीतली सूट तो मानतो. आणि तो नाव शेवटाकडून जुळवतो. म्हणजे तुमच्या आतल्या सगळ्या मशीनची नावं 'लॅब.लॅन'ने संपत असतील तर तेवढं शेपूट लिहिलं की मिरर, बॅकअप सर्व्हर, उद्या नवीन येणारं मशीन, सगळं एका फटक्यात सूट-यादीत बसतं. ही सोय ॲप्टच्या स्वतःच्या फाइलीत नाही. तिथे प्रत्येक यजमान मशीनचं पूर्ण नाव लिहावं लागतं, शेपूट चालत नाही, तारांकन चालत नाही. आतमध्ये पाच-सात वेगवेगळे सर्व्हर असतील तर हा फरक नक्कीच जाणवतो.

पण याच सोयीत एक अडचण आहे. नो_प्रॉक्सी कसा लिहायचा याचं सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक प्रोग्राम तो आपल्या पद्धतीने वाचतो. १९२.१६८ने सुरू होणारी अख्खी रेंज तिरपी रेघ देऊन एका ओळीत लिहायची अनेकांना सवय असते. गो भाषेत लिहिलेले प्रोग्राम ती समजून घेतात, कर्लला ती २०२२मध्ये ७.८६.० या आवृत्तीपासून समजायला लागली, ॲप्टला मात्र ती समजत नाही. ॲप्ट फक्त अक्षरांची जुळणी करतो. यादीत मिररचं नाव असेल आणि सोर्सेस फाइलीत (रिपॉझिटरींच्या यादीत) आयपी असेल तरी जुळणार नाही, भले दोन्ही एकाच मशीनचे असोत. स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा सोडली तर तीही नावाचा भाग धरली जाते. मग त्याच ओळीने कर्ल थेट जातो आणि ॲप्ट प्रॉक्सीकडे, आणि आपण मिररमध्येच बिघाड शोधत बसतो.

लहान-मोठ्या अक्षरांचंही तसंच. कर्ल एचटीटीपी_प्रॉक्सी हे नाव फक्त लहान लिपीत वाचतो, मोठ्या लिपीतलं मुद्दाम सोडून देतो. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे: वेबसर्व्हरवर चालणाऱ्या सीजीआय स्क्रिप्टमध्ये बाहेरून आलेला 'प्रॉक्सी' नावाचा हेडर नेमका त्याच मोठ्या लिपीतल्या नावाने एन्व्हायर्नमेंटमध्ये येऊन बसतो. २०१६मध्ये 'एचटीटीपॉक्सी' या नावाने ही गोष्ट गाजली होती. म्हणून नेहमी लहान लिपीत लिहा, गरज पडली तरच मोठ्या लिपीतली प्रत ठेवा.

आता ॲप्टची फाइल. इटीसीखाली ॲप्टच्या फोल्डरात 'ॲप्ट.कॉन्फ.डी' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात एक छोटी फाइल करायची आणि दोन ओळी लिहायच्या. पहिली: ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी, पुढे अवतरणात संस्थेच्या प्रॉक्सीचा पूर्ण पत्ता, शेवटी अर्धविराम. दुसरी: ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी:: आणि त्यापुढे मिररचं नाव, मग अवतरणात 'डायरेक्ट', तेही मोठ्या लिपीत, आणि अर्धविराम. झालं. एचटीटीपीएससाठी वेगळं काही लिहिलं नाही तर ॲप्ट एचटीटीपीचंच धरतो.

फाइलीचं नाव मात्र जपून द्या. एक्स्टेन्शन नसावं, नाहीतर 'कॉन्फ' असावं. 'प्रॉक्सी.टीएक्सटी' असं नाव दिलं तर ॲप्ट ती फाइल वगळतो.

वर लिहिलेल्या फायद्या-तोट्यांवरून बघितलं तर पारडं जवळजवळ समान वाटेल, कदाचित नो_प्रॉक्सीकडेच झुकलेलं वाटेल. माझ्यासाठी निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो पटकन डोळ्यांना दिसत नाही.

हाताने अपडेट चालवलं की सगळं सुरळीत. मिररवरून पॅकेजं धडाधड उतरतात, एकही तक्रार नाही. आपोआप होणारं अपडेट मात्र होतच नाही. लॅब माझ्या हातात आली तेव्हा तिची रचना अशी होती: प्रॉक्सी ॲप्टच्या फाइलीत, इन्स्टॉलेशनच्या वेळीच लिहिलेला, आणि मिररची सूट प्रोफाइलच्या फाइलीत नो_प्रॉक्सी म्हणून एक्स्पोर्ट केलेली. आधीच्या माणसाने रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन तपासलं असणार, सगळं चालत असणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दिसायला ही रचना पूर्णच होती.

घोटाळा असा की प्रोफाइलची फाइल शेल, म्हणजे आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्राम, वाचतो, तीही माणूस लॉगिन करतो तेव्हा. आपोआप अपडेट करणाऱ्या सेवेला शेलही नसतो आणि लॉगिनही नसतं. उबुंटू आणि डेबियनमध्ये हे काम सिस्टीमडीच्या, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या, टायमरवर चालतं. 'ॲप्ट-डेली' नावाचा टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ची वेळ धरतो आणि त्यात १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मिसळतो, म्हणजे जगभरची मशीन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. प्रत्यक्ष पॅकेजं बसवणारा 'ॲप्ट-डेली-अपग्रेड' हा टायमर वेगळा. या सेवा सिस्टीमडी सुरू करतो, आणि तो स्वतःहून ना प्रोफाइल वाचतो ना इटीसीतली एन्व्हायर्नमेंट फाइल. त्यामुळे त्यांना प्रॉक्सी कळतो, कारण तो ॲप्टच्या फाइलीत आहे. सूट कळत नाही, कारण ती शेलमध्ये आहे. मग आतल्या मिररची मागणी निमूटपणे संस्थेच्या प्रॉक्सीकडे जाते. प्रॉक्सीला आतलं नाव ओळखता येत नाही, तो ५०३ परत पाठवतो किंवा ४०३ देऊन नकार देतो, आणि ही सगळी हकिकत कुणीही न उघडणाऱ्या लॉगमध्ये जाऊन पडते.

आमच्या भागात यात विजेची भर पडते. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाणं नवीन नाही. लाइट आली की मशीन एकदम चालू होतात आणि टायमर 'पर्सिस्टंट' असल्यामुळे बंद काळात हुकलेली फेरी पुन्हा लावून घेतो, त्यातही तो उशीर मिसळलेलाच. म्हणजे आपोआप अपडेट नेमकं कधी चालेल हे सांगता येत नाही, आणि ते चालतं तेव्हा कीबोर्डपाशी बहुधा कुणी नसतं. आपण जेव्हा जेव्हा समोर बसून तपासतो तेव्हा तेव्हा मात्र ते चालतंच. ज्या बिघाडाला आपली नजर पडली की लपायची सवय असते, तो सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि या बिघाडाने माझा पुष्कळ वेळ खाल्ला.

सुडोचंही, म्हणजे साध्या वापरकर्त्याला एखादी कमांड रूट म्हणून चालवू देणाऱ्या प्रोग्रामचंही, यात एक पोटप्रकरण आहे. सुडो सुरू होताना शेलमधली बहुतेक एन्व्हायर्नमेंट झाडून टाकतो, आणि तो तसा असायलाच हवा. साध्या वापरकर्त्याने एक्स्पोर्ट केलेला नो_प्रॉक्सी सुडोच्या पलीकडे पोचत नाही. रूट होऊन चालवलं तर पोचतो. म्हणून एकाच मशीनवर, एकाच दिवशी, दोन माणसांना दोन वेगळे निकाल दिसतात आणि दोघंही खरं बोलत असतात. यावर उपाय आहेत. सुडोअर्स या सुडोच्या फाइलीत 'एन्व्ह_कीप'ची, म्हणजे अमुक सेटिंग झाडू नको असं सांगणारी, ओळ घालता येते, डेबियन-उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती नमुन्यादाखल कॉमेंट करून ठेवलेलीही असते. सिस्टीमडीसाठी 'सिस्टीमसीटीएल एडिट' वापरून दोन्ही सेवांना एन्व्हायर्नमेंटची ओळ जोडता येते. हे केलं की नो_प्रॉक्सीची पद्धतही पूर्ण चालते, मी चालवून पाहिली आहे. फक्त तीच यादी आता प्रोफाइलमध्ये आणि दोन सेवांच्या फाइलीत, अशी तीन ठिकाणी सांभाळावी लागते, वर सुडोची ओळही. मिररचं नाव बदललं की तिन्ही जागा आठवायच्या. एक विसरली की पुन्हा तोच लपाछपीचा बिघाड.

ॲप्टच्या फाइलीला हा प्रश्न पडतच नाही. शेलमधून चालवा, सुडोने चालवा, टायमरने चालवा, ग्राफिकल अपडेटरने चालवा, ॲप्ट आपली फाइल वाचतोच. एवढ्या एका कारणासाठी मी आमच्या लॅबची सूट तिथे नेली. प्रत्येक यजमानाचं पूर्ण नाव लिहावं लागतं हे खरं, पण आमच्याकडे आत एकच मिरर आहे. त्या एका ओळीच्या बदल्यात आपोआप अपडेटची काळजी मिटली, आणि हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

हे तुमच्याकडे असंच घडतंय का, ते ओळखायची एक सोपी रीत सांगतो. 'सिस्टीमडी-रन'ला 'पाइप' आणि 'वेट' हे दोन पर्याय देऊन त्यातून ॲप्ट-गेट अपडेट चालवा. असं चालवलं की ॲप्टला तुमच्या शेलची हवाही लागत नाही, त्याला नेमकं तेवढंच दिसतं जेवढं टायमरला दिसतं. शेलमध्ये चालतंय आणि इथे अडतंय, म्हणजे सूट एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे आणि सेवेपर्यंत पोचत नाही. ॲप्ट-डेलीची सेवाच हाताने सुरू करून बघायचा मोह होतो, पण ती आधीच्या फेरीचा शिक्का तपासते आणि फेरी नुकतीच झाली असेल तर काही न करता परत येते. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पुढची पायरी म्हणजे 'ॲप्ट-कॉन्फिग डंप'. त्यात प्रॉक्सी हा शब्द शोधला की ॲप्टच्या लेखी शेवटी काय ठरलंय ते एका नजरेत दिसतं. इथे बऱ्याचदा जुने पाहुणे सापडतात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये प्रॉक्सी भरला असेल तर तो इटीसी-ॲप्टमधल्या मुख्य 'ॲप्ट.कॉन्फ' फाइलीत लिहिला जातो. उबुंटू सर्व्हरचा नवा इन्स्टॉलर तो ॲप्ट.कॉन्फ.डीमध्ये '९०कर्टिन-ॲप्टप्रॉक्सी' या नावाने ठेवतो. ॲप्ट आधी त्या फोल्डरातल्या फाइली नावांच्या क्रमाने वाचतो आणि मुख्य फाइल त्यांच्यानंतर, आणि नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं. म्हणजे तुम्ही फोल्डरात कितीही मोठ्या आकड्याची फाइल केली तरी मुख्य फाइलीतला जुना प्रॉक्सी जिंकतो. मात्र तुमची डायरेक्टची ओळ ठराविक यजमानाच्या नावाची असल्यामुळे ती शाबूत राहते, कारण ती वेगळी नोंद धरली जाते. या गुणामुळेही मला ती पद्धत आवडते.

तरीही शंका उरली तर ॲप्टला 'डीबग::ॲक्वायर::एचटीटीपी' हा पर्याय चालू करून द्या. पाठवलेली प्रत्येक मागणी पडद्यावर दिसेल. 'गेट'नंतर एचटीटीपीपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता असेल तर ती मागणी प्रॉक्सीकडे चालली आहे. फक्त तिरप्या रेघेने सुरू होणारा पाथ असेल तर थेट. एचटीटीपीएस प्रॉक्सीतून जात असेल तर आधी 'कनेक्ट' दिसतं. एवढं कळलं की अंदाज बांधायची गरज राहत नाही. मी आता कुणी फोन केला की सगळ्यात आधी हेच चालवून निकाल वाचायला सांगतो.

चूक दाखवणाऱ्या संदेशांबद्दलही थोडं. ४०७ म्हणजे प्रॉक्सी लॉगिन मागतोय. ४०३ आणि ५०३ मागणी प्रॉक्सीपर्यंत गेल्याची खूण आहेत. आतल्या मिररसाठी हे आकडे दिसले तर सूट लागू झालेली नाही असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. आणि 'क्लिअरसाइन्ड फाइल' वैध नाही, 'नोस्प्लिट' मिळालं, असा विचित्र वाटणारा संदेश आला तर घाबरून सही तपासायच्या किल्ल्या (कीज) बदलायला जाऊ नका. ॲप्टला रिपॉझिटरीची सही असलेली फाइल हवी होती आणि वाटेत कुणीतरी त्याच्या हातात लॉगिनचं वेबपान दिलं, एवढाच त्याचा अर्थ. ॲप्ट तिथेच कंसात विचारतोही की नेटवर्कला लॉगिन लागतं का. कॉलेजांच्या फायरवॉलमागे हा संदेश हमखास भेटतो.

लॉगिनवाल्या प्रॉक्सीचा विषय निघाला म्हणून सांगतो. नाव आणि पासवर्ड पत्त्यातच लिहावे लागतात, आणि पासवर्डमध्ये ॲट असेल तर तो टक्का-चार-शून्य असा लिहावा लागतो, नाहीतर पत्ता तिथेच तुटतो. दोन्ही पद्धतींत हा पासवर्ड उघड्या फाइलीत राहतो. एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर वर प्रत्येक प्रोग्रामच्या सोबत फिरतो. विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये मला दोन्ही पटत नाहीत. तुमच्या नेटवर्कवाल्या सरांना भेटून लॅबच्या आयपींना अपडेटपुरती विनालॉगिन परवानगी मागा. आमच्याकडे ती मिळाली आणि बराच गुंता सुटला.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही पद्धतीत बदलत नाही. डायरेक्ट लिहिलं म्हणून रस्ता तयार होत नाही. आतला मिरर थेट पोचण्यासारखा असतो म्हणून तिथे सूट चालते. बाहेरच्या एखाद्या रिपॉझिटरीला प्रॉक्सीचा त्रास होतोय म्हणून तिलाही डायरेक्ट केलं, आणि संस्थेची फायरवॉल थेट बाहेर जाऊ देत नसेल, तर ॲप्ट वाट बघून बघून थकेल, बाकी काही होणार नाही. तिथे सूट फायरवॉलवर मागावी लागते.

तिसरा मार्गही आहे, ॲप्ट-कॅचर-एनजी. एका मशीनवर तो बसवायचा, ३१४२ हा त्याचा पोर्ट, आणि लॅबच्या सगळ्या मशीनना तोच प्रॉक्सी म्हणून सांगायचा. संस्थेचा खरा प्रॉक्सी फक्त त्या एका मशीनला माहीत असतो. मग बाकीच्या मशीनवर सूट नावाचा प्रकार जवळजवळ उरत नाही, आणि मिररसारखी शेकडो जीबींची डिस्कही लागत नाही, कारण जे मागितलं जातं तेवढंच तो साठवतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या लॅबला मी हे नक्की बघायला सांगेन. अडतं ते एचटीटीपीएसवाल्या बाहेरच्या रिपॉझिटऱ्यांवर. वर म्हटल्याप्रमाणे ॲप्ट एचटीटीपीएससाठीही तोच प्रॉक्सी धरतो, आणि कॅचर आपल्या मूळ सेटिंगमध्ये अशा मागण्या पुढे जाऊ देत नाही. त्यासाठी ॲक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी अशी वेगळी ओळ लिहून त्यांना संस्थेच्या प्रॉक्सीकडे वळवा. आमचा मिरर आधीपासून होता म्हणून मी इकडे गेलो नाही.

घरी आणि कॉलेजात एकच लॅपटॉप नेणाऱ्या शिक्षकांचं वेगळं आहे. घरी प्रॉक्सी नाही, कॉलेजात आहे, आणि रोज फाइल बदलणं कुणाला जमणार? त्यांच्यासाठी ॲप्टमध्येच 'प्रॉक्सी-ऑटो-डिटेक्ट' आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहायची, ॲप्ट तिला पत्ता देतो, ती प्रॉक्सीचा पत्ता किंवा डायरेक्ट एवढंच छापते. कॉलेजचा प्रॉक्सी पिंगला उत्तर देतोय का, एवढं तपासणारी काही ओळींची स्क्रिप्टसुद्धा पुरते. ठराविक यजमानासाठी लिहिलेली डायरेक्टची ओळ या स्क्रिप्टच्याही वर मानली जाते, त्यामुळे मिररची सूट जशीच्या तशी राहते. स्क्रिप्ट चालवायची परवानगी सगळ्यांना द्या, कारण ॲप्ट आपलं उतरवण्याचं काम रूट म्हणून करत नाही.

फेडोरा किंवा रॉकी चालवणाऱ्यांना हा सगळा वाद थोडा परका वाटेल. तिथल्या डीएनएफमध्ये (त्यांच्या ॲप्टसारख्या प्रोग्राममध्ये) मुख्य प्रॉक्सी डीएनएफ.कॉन्फमध्ये, आणि ज्या रिपॉझिटरीला सूट द्यायची तिच्याच रेपो फाइलीत प्रॉक्सीसमोर अंडरस्कोर-नन-अंडरस्कोर लिहायचं. सूट जिची, तिच्याच फाइलीत. मला ही रचना सगळ्यात स्वच्छ वाटते. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं आहे, तिथे मात्र ॲप्टचं वर सांगितलेलं सगळं लागू पडतं.

उबुंटूच्या स्नॅपचं, म्हणजे प्रोग्राम बसवायच्या त्याच्या दुसऱ्या साधनाचं, लक्षात ठेवा: तो ॲप्टची फाइल वाचत नाही. स्नॅपडीची सेवा इटीसीतली एन्व्हायर्नमेंट फाइल वाचते, किंवा 'स्नॅप सेट सिस्टीम' वापरून त्याला प्रॉक्सी वेगळा सांगता येतो.

तर निवड कशी करावी? आत बरेच सर्व्हर असतील, सगळ्यांची नावं एकाच शेपटाची असतील, आणि अपडेट तुम्ही स्वतः समोर बसून करत असाल, तर नो_प्रॉक्सी तुम्हाला कमी कष्टात भागवून देईल, मी त्यापासून परावृत्त करणार नाही. पण मशीन आपोआप अपडेट व्हावीत अशी अपेक्षा असेल, लॅबला पूर्णवेळ माणूस नसेल, आणि आतला मिरर एकच किंवा दोन असतील, तर सूट ॲप्टच्या फाइलीत लिहा. परभणीच्या सरांना आणि उदगीरच्या मॅडमना मी हेच सांगितलं. पिप आणि कर्लसाठी नो_प्रॉक्सीची ओळ खुशाल राहू द्या, तिचा ॲप्टला त्रास नाही. फक्त ॲप्ट तिच्या आधाराने चालत नाही ना, हे सिस्टीमडी-रनने एकदा बघून घ्या, आणि लॅबमधलं एखादं मशीन निवडून दोन-चार दिवसांनी त्याचा अनअटेंडेड-अपग्रेड्सचा (आपोआप अपडेटचा) लॉग उघडून वाचा.